लॉस एंजेलिसची सलून आणि आपली दूधसंस्था : आरोग्यातली विषमता वस्तीच्या सहभागाने कमी होते का?

दक्षिणद्वार

मी कोल्हापुरात औषधाचे दुकान चालवतो. मूळ गाव करवीर तालुक्यातले, पंचगंगेच्या काठचे. रक्तदाबाच्या गोळ्या एक महिना नेऊन पुढच्या महिन्यापासून न दिसणारी माणसे मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे. ती कुठे जातात हे दुकानदाराला कळत नाही. कधीतरी त्यांच्या घरचे कोणी पक्षाघातानंतरच्या औषधांची चिठ्ठी घेऊन येते, तेव्हा कळते. त्यामुळेच अमेरिकेतला एक प्रयोग वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाही आणि त्याविषयी येथे चर्चा व्हावी असे वाटते.

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये उच्च रक्तदाबाचे आणि त्यातून ओढवणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरेच जास्त आहे. दवाखान्यात न येणाऱ्या या पुरुषांपर्यंत पोहोचायचे कसे, या प्रश्नावर डॉ. रोनाल्ड व्हिक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधली कृष्णवर्णीयांची ५२ सलून निवडली. वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून अधिक असलेले ३१९ नेहमीचे गिऱ्हाईक प्रयोगात सहभागी झाले. निम्म्या सलूनमध्ये केस कापणारा त्यांना डॉक्टरकडे जाण्याचा आणि खाणेपिणे सांभाळण्याचा आग्रह करत असे. उरलेल्या सलूनमध्ये याच्या जोडीला औषधतज्ज्ञ स्वतः दुकानात येत, डॉक्टरांशी आधी ठरवलेल्या पद्धतीने तिथेच औषध सुरू करत आणि दर भेटीत मात्रा कमीजास्त करत. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला आणि दुसऱ्या गटाचा २७ अंकांनी. १३०/८० च्या खाली आलेल्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात जवळजवळ ६४ टक्के होते, तर पहिल्या गटात ते १२ टक्केही नव्हते. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक गोष्ट हातून निसटू नये असे मला वाटते. ओळखीचा माणूस, आपले दुकान आणि आपुलकीचा सल्ला या गोष्टी दोन्ही गटांना मिळाल्या होत्या. गोळी मात्र एकाच गटाच्या खुर्चीपर्यंत आली. आपल्याकडे 'लोकसहभाग' म्हटले की बहुतेक वेळा प्रभातफेरी, भित्तिपत्रक आणि मार्गदर्शनपर भाषण एवढेच निघते. या प्रयोगाच्या मोजमापात ते सारे पहिल्या गटात बसेल.

आणखी एक संदर्भ द्यायला हवा. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथे अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना एका अभ्यासात ठेवले होते. त्यांपैकी ३९९ जणांना गरमी, म्हणजे सिफिलिस हा रोग होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही, कारण रोग शेवटपर्यंत कसा वाढतो हे पाहायचे होते. तेव्हा तिथली माणसे सरकारी दवाखान्यावर विश्वास ठेवत नाहीत याला अडाणीपणा म्हणणे हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय होईल.

आता माझा प्रश्न. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दलित वस्त्या, सह्याद्रीच्या कुशीतले धनगरवाडे आणि हंगामात येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचे तळ यांच्यासाठी असे 'सलून' कोणते ठरू शकेल? माझ्या मनात प्रथम दूधसंस्था आली. सकाळ-संध्याकाळ अख्खा गाव किटल्या घेऊन तिथे येतो, थोडा वेळ रांगेत थांबतो आणि ठरावीक दिवशी बिलासाठीही येतो. तिथे रक्तदाब मोजून औषध देण्याची सोय झाली तर काय होईल? जाणकारांनी लिहावे.

पंचगंगाकाठ

आपला प्रश्न मोलाचा आहे, तरी 'सलून' हा शब्द वाचून माझ्या मनात वेगळेच काहीतरी आले, ते आधी लिहितो. माझ्या आजोबांचे केस गावातल्या दुकानात कधीही कापले गेले नाहीत. वस्तीतलाच एकजण पिंपळाखाली बसून सर्वांचे केस कापत असे, आणि वडिलांनी दुकानाच्या खुर्चीत बसून पहिल्यांदा केस कापून घेतले ते कोल्हापूर शहरात, नोकरी लागल्यानंतर. लॉस एंजेलिसची ती दुकाने कृष्णवर्णीयांनीच, कृष्णवर्णीयांसाठी चालवलेली होती. त्या खुर्चीत बसणाऱ्याला तिथून कोणी उठवेल अशी धास्ती नव्हती. औषध खुर्चीपर्यंत आले हे आपण नेमके टिपले, परंतु ती खुर्ची कोणाची होती हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

दूधसंस्थेबद्दल माझा आक्षेप याच कारणाने आहे. दूध घालायला तोच येतो ज्याच्या दारात म्हैस आहे, आणि म्हैस त्याच्याच दारात असते ज्याला वैरण मिळते. आमच्या वस्तीत बहुतेक घरे भूमिहीन आहेत. बायका रोजाने भांगलणीला जातात, पुरुष गवंड्याच्या हाताखाली किंवा शिरोलीच्या कारखान्यांत. संस्थेच्या कट्ट्यावर उपक्रम सुरू केला तर ज्यांना आताही थोडेफार मिळते त्यांचा रक्तदाब उतरेल, गावाची सरासरी सुधारेल, अहवालही चांगला होईल आणि वस्ती मात्र होती तिथेच राहील. म्हणजे जी दरी बुजवायला निघालो तीच रुंद होईल.

कोल्हापूरकरांना गंगाराम कांबळे यांची गोष्ट ठाऊक आहे. राजवाड्याच्या नोकरीत असताना हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली, आणि पुढे शाहू महाराजांच्या मदतीने त्यांनी शहरात 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे दुकान काढले. तिथे कोणी फिरकत नाही असे दिसल्यावर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. गंगारामांना वाड्यावर बोलावून चहा पाजणे त्यांना अवघड नव्हते. तरी ते गंगारामांच्या दुकानात गेले. आरोग्यसेवेने कोणत्या दिशेने चालायचे हे आपल्या शहरात शंभर वर्षांपूर्वीच ठरलेले आहे. १९१९ साली संस्थानातल्या दवाखान्यांत आणि शाळांत शिवाशिव पाळू नये असे हुकूमही त्यांनी काढले होते.

सायकलवाली सिस्टर

मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी पूर्ण करून निवृत्त झाले आहे. गावाचे नाव लिहीत नाही. तिथली माणसे अजून आहेत.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावात लसीकरणाचे सत्र देवळाच्या ओसरीवर भरत असे. जागा ऐसपैस, सावलीची, मध्यवर्ती. माझ्या आधीच्या बाईंनी निवडलेली. वस्तीतल्या बाया शेवटी यायच्या, पायरीखाली उभ्या राहायच्या, आणि बर्फाचा डबा आवरायची वेळ झाली की निम्म्या तशाच परत जायच्या. नोंदवहीत मी त्यांच्यापुढे 'लाभार्थी आले नाहीत' असे लिहीत असे. दोन वर्षे मी हे लिहिले, आणि त्यात काही चूक आहे हे मला स्वतःहून कधी सुचले नाही. एका म्हाताऱ्या बाईने विचारले, "बाई, आमच्या समाजमंदिरात का येत नाही तुम्ही? तिथं काय ऊन लागतंय?" तेव्हा कुठे डोळे उघडले.

सत्र समाजमंदिरात नेले. पुढे सगळे गोड झाले असे कोणाला वाटेल, म्हणून लिहिते : पहिले दोन महिने गावातल्या बाया तिथे आल्याच नाहीत, माझा एकूण आकडा खाली गेला आणि वरून खुलासा मागितला गेला. खुलाशात खरे कारण लिहावे की नाही यावर मी रात्रभर विचार केला आणि शेवटी 'शेतीची कामे' असे लिहून मोकळी झाले. मग एक महिना इकडे, एक महिना तिकडे असे चालवले. पुढे दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर अंगणवाडीची खोली झाली आणि सत्र तिथे स्थिरावले. आज त्या अंगणवाडीत कोणी पायरीखाली उभे राहत नाही. त्याला मात्र पाच-सहा वर्षे लागली.

मासिक अहवालात गावाचा एकच आकडा जातो. कोणत्या वस्तीतली किती बालके राहिली याचा त्यात रकाना नसतो. मी माझ्या वहीत वस्तीच्या घरांपुढे पेन्सिलीने बारीक टिंब करत असे. महिनाअखेर टिंबे मोजली की राहिलेली निम्मी बालके त्या थोड्याशा घरांतली निघत. गावाचा आकडा चांगला असतानाही हे असेच निघे.

जामखेडच्या प्रकल्पाची आठवण येथे द्यावीशी वाटते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केले. दुष्काळात विंधनविहिरी घ्यायच्या ठरल्या तेव्हा पंप दलित वस्तीत बसतील असे त्यांनी पाहिले. पाणी हवे असेल तर गावाने वस्तीत यावे, असा तो सरळ हिशेब होता. त्यांच्या आरोग्यसेविकांमध्ये निरक्षर आणि दलित स्त्रिया होत्या, आणि त्याच गावात घरोघर जाऊन बाळंतपणे करत होत्या. भाषणाने जे साधत नाही ते पंपाची जागा बदलल्याने साधते, हे मी खात्याच्या कोणत्याही प्रशिक्षणात ऐकले नव्हते.

काळी रेघ

चर्चा चांगली आहे, परंतु एक मूलभूत शंका मांडतो. अमेरिकेतला वंशभेद आणि आपली जात यांची सांगड घालणे शास्त्रीय आहे का? २००१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान येथील वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारने जात हा वंशभेदाचा प्रकार नाही, अशीच भूमिका घेतली होती. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढताना कोणी जात विचारत नाही, गोळी सर्वांना एकच मिळते. खरा प्रश्न गरिबीचा आहे आणि गरीब सर्व जातींत आहेत. वस्तीनिहाय मोजणी सुरू केली तर जे भेद विझत आले आहेत ते कागदावर पुन्हा जिवंत होतील, अशी मला भीती वाटते.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे 'काळी रेघ' यांच्या शंकेचे उत्तर आकड्यांतच देतो.

सर्वप्रथम एक सावधगिरी. दलित स्त्री उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे आधी मरते, हे वाक्य २०१८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालापासून सर्वत्र फिरते आहे. ३९.५ आणि ५४.१ या आकड्यांची ती वजाबाकी आहे. परंतु हे मृत्यूच्या वेळचे सरासरी वय आहे, आयुर्मान नव्हे. ज्या समाजात तरुणांचे आणि मुलांचे प्रमाण अधिक असते तिथे मृत्यूचे सरासरी वय आपोआप खाली दिसते. हा आकडा सभेत फेकला तर कोणीतरी जाणकार तो खोडून काढील आणि मग खरी तफावतही खोटी ठरवली जाईल.

खरी तफावत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, ओडिशा यांसह नऊ राज्यांतल्या सुमारे दोन कोटी लोकांच्या सर्वेक्षणावरून आयुर्मान काढले. त्यात उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी निघाले. आर्थिक स्थितीने या तफावतीचा निम्म्याहूनही कमी भाग उलगडतो. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे कोल्हापूरला चिकटवू नयेत. पण केवळ गरिबीने सगळे उलगडते, हे म्हणणे मात्र या अभ्यासानंतर टिकत नाही.

अमेरिकेतही हेच दिसते. २०२३ साली तिथे दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांमध्ये १४.५ आणि कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ५०.३ होते. शिक्षणाने हे अंतर मिटत नाही : तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१९ साली दाखवले की पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीला गरोदरपणाशी संबंधित मृत्यूचा धोका पदवीधर गोऱ्या स्त्रीच्या पाचपटींहून जास्त आहे.

सिस्टरांच्या पेन्सिलीच्या टिंबाला आमच्या शास्त्रात मोठे नाव आहे, पण 'टिंब' हा शब्द अधिक चांगला आहे. गावातली शंभरातली नव्वद घरे व्यवस्थित असली तर उरलेल्या दहांचे काय चालले आहे हे सरासरी कधीच सांगत नाही.

पंचगंगाकाठ

दरबानबद्दल एवढेच. सांगड घालायची की नाही हे सरकारे ठरवण्याच्या कितीतरी आधी, १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहिले होते. तिथल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता त्याची प्रत त्यांनी मागवली होती, कारण अस्पृश्यांनीही तसे करावे असा विचार त्यांच्या मनात होता. १९२० साली माणगावात, म्हणजे आजच्या हातकणंगले तालुक्यात, परिषदेचे अध्यक्ष म्हणून बसलेल्या तरुण आंबेडकरांनी शिक्षण अमेरिकेतच घेतले होते. आजार दोन आहेत, हे मान्य. पण एकाच्या उपचारातून दुसऱ्याने शिकू नये असे काही नाही.

मोजल्याने भेद जिवंत होतात ही भीती मला प्रामाणिक वाटते. तरी एवढेच विचारतो : ताप मोजला नाही म्हणून उतरतो का?

दक्षिणद्वार

'गोळी सर्वांना एकच मिळते' या वाक्यावर औषधविक्रेता म्हणून थोडे लिहितो. कोविडच्या काळात मी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर ढिगाने विकले. त्या यंत्राला कोणाची जात-वंश कळत नाही. तरी २०२० च्या अखेरीस मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवले की यंत्रावर आकडा ठीक दिसत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात धोक्याच्या पातळीखाली असण्याची शक्यता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती, कारण उजेड गडद कातडीतून वेगळ्या तऱ्हेने जातो. कोणीही भेद करायचा म्हणून यंत्र बनवले नव्हते. बनवताना डोळ्यांसमोर कोणाची कातडी होती एवढाच प्रश्न होता. ओपीडीची वेळ ठरवताना डोळ्यांसमोर कोणाचा दिवस असतो, हा प्रश्न मी आता त्याच रीतीने विचारतो आहे.

दूधसंस्थेची कल्पना मी मागे घेतो. पंचगंगाकाठ यांचे म्हणणे मला पटले, आणि थोडी लाजही वाटली, कारण माझ्या दारात म्हैस होती.

स्लिपबॉय

मी साखर कारखान्याच्या शेती विभागात काम करतो. ऊसतोड टोळ्यांचा उल्लेख झाला म्हणून लिहितो.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. बीडकडच्या आणि कर्नाटकातल्या टोळ्या येतात, माळावर नाहीतर पडीक रानात खोपी पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकले की खाडा पडतो. मजुराच्या हिशेबात दवाखाना म्हणजे खाडा. पहाटे अंधारात फडात गेलेली बाई मोळ्या वाहून, गाडी भरून परत येते तेव्हा उपकेंद्राला कुलूप असते. त्यामुळे 'ते लोक येत नाहीत' हे वाक्य आमच्याकडेही ऐकू येते.

कोणती टोळी उद्या कोणत्या गावात, कोणाच्या फडात असेल, याचा तोडणी कार्यक्रम आमच्याकडे आधीच तयार असतो. आशाताई मात्र टोळीला शोधत फिरते, आणि ती पोहोचते तोवर टोळी पुढच्या गावाला गेलेली असते. मागच्या एका हंगामात मी एका आशाताईंना रोज संध्याकाळी फोन करून टोळीचा ठिकाणा सांगत होतो. कोणी सांगितले नव्हते, कोणी विचारलेही नाही. त्यांनी खोपीवर जाऊन मुलांचे डोस पूर्ण केले. हंगाम संपला, माझी बदली झाली आणि ते थांबले, कारण ते दोन माणसांच्या ओळखीवर चालले होते.

दुसरे असे की टोळीचा 'प्रतिनिधी' म्हणून सगळे मुकादमाला बोलावतात. मुकादमाचा जीव उचल फिटण्यात असतो. बाईच्या अंगावरून जाते आहे हे ती त्याला सांगणार नाही आणि त्याने विचारूही नये. प्रत्येक टोळीत एक वयस्क बाई असते, जिच्याकडे सगळ्या जणी आपले दुखणे सांगतात. तिला गाठावे. तिचे नाव कोणत्याही यादीत नसते, एवढीच अडचण आहे.

घाटावरचा मास्तर

मी शाहूवाडी आणि गगनबावडा या दोन्ही तालुक्यांत शाळेवर काम केले आहे. धनगरवाड्यांबद्दल माझे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. तिथे रस्ता हाच पहिला दवाखाना आहे. पावसाळ्यात आजाऱ्याला घोंगड्याच्या झोळीत घालून, बांबूला बांधून चार माणसे खाली आणतात, आणि त्या चौघांचाही त्या दिवशीचा रोजगार जातो.

डोंगराळ भागात उपकेंद्र ५००० ऐवजी ३००० लोकसंख्येमागे असावे असा निकष आहे. पण आठ-दहा घरांचा वाडा डोंगराच्या त्या बाजूला असेल तर तीन हजारांचा हिशेब काय कामाचा? गरोदर बाईने दिवस भरण्याआधी दवाखान्याजवळ येऊन राहावे यासाठी 'माहेरघर' योजना आहे, पण ती आदिवासी भागांसाठी आखलेली आहे, आणि धनगर समाज आपल्याकडे भटक्या जमातींच्या 'क' गटात येतो. तो वाद येथे नको. वाड्यावरच्या बाया तो प्रश्न त्यांच्या पद्धतीने सोडवतात : पाऊस लागायच्या आधी बाजाराच्या गावात नात्यातले घर गाठतात. नाते नसेल तिने काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो. बाजाराच्या गावात पावसाळ्याचे तीन महिने दोन खोल्या भाड्याने घेऊन ठेवाव्यात, असे एका म्हातारीने माझ्यासमोर एका बैठकीत सुचवले होते. बैठकीच्या इतिवृत्तात ते आले नाही; 'आरोग्यविषयक जनजागृती करण्यात आली' असे आले.

दक्षिणद्वार

मास्तरांच्या शेवटच्या वाक्यामुळे शेरी अर्नस्टीन यांची १९६९ सालची शिडी आठवली. लोकसहभागाच्या त्यांनी आठ पायऱ्या सांगितल्या. तळाशी लोकांना गुंडाळणे, मधे माहिती देणे, मत विचारणे आणि समाधानापुरते सामील करून घेणे, आणि वरच्या पायऱ्यांवर निर्णयाचा व पैशाचा ताबा लोकांकडे. म्हातारीचे बोलणे ऐकले गेले, म्हणजे मत विचारण्याच्या पायरीपर्यंत आपण चढलो. दोन खोल्यांचे भाडे कोण मंजूर करणार हे विचारले की पुन्हा खाली येतो.

पैशाच्या ताब्याचे एक उदाहरण मला फार आवडते. डॉ. जॅक गायगर यांनी १९६० च्या दशकात मिसिसिपीतल्या माउंड बायू या कृष्णवर्णीयांच्या गावी आरोग्य केंद्र उभारले. आधी ते दक्षिण आफ्रिकेत फोलेला येथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याकडे शिकून आले होते. माउंड बायूला कुपोषित मुले येऊ लागली तेव्हा तिथले डॉक्टर चिठ्ठीवर धान्य लिहून देऊ लागले आणि त्याचे बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यातून चुकते होऊ लागले. वरिष्ठांनी हरकत घेतली. गायगर यांचे उत्तर अशा अर्थाचे होते की उपासमारीवरचे औषध पुस्तकात अन्न असेच दिलेले आहे. पुढे तिथल्या लोकांनी सहकारी शेतीही उभी केली. सहकार म्हटल्यावर कोल्हापूरकराला आणखी काही समजावायला नको.

आपल्या हाती काय आहे? प्रत्येक गावाला ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे आणि तिला दरवर्षी अबंधित निधी मिळतो. रक्कम लहान आहे. तरी ती कशावर खर्च करायची हे गावात ठरते, आणि समितीत वस्तीतल्या स्त्रिया नावापुरत्या असतील तर त्यातून फिनेल आणि फलकच येतात. महाराष्ट्रात २००७ पासून पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनीच आपल्या आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असा रंग देऊन जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारला होता. माझी सूचना अशी की हा रंग गावाला न देता वस्तीवस्तीला द्यावा. माझ्या गावापुरते मी हे ग्रामसभेत मांडणार आहे, आणि समाजमंदिरात आठवड्यातून एकदा रक्तदाब मोजून औषध देण्याचाही प्रस्ताव ठेवणार आहे.

सायकलवाली सिस्टर

प्रस्ताव ठेवण्याआधी दोन व्यवहारातल्या गोष्टी. लॉस एंजेलिसच्या औषधतज्ज्ञाप्रमाणे तुम्हाला आपल्याकडे स्वतः औषध सुरू करता येणार नाही. तो अधिकार डॉक्टरांचा आहे. पण डॉक्टरांनी एकदा औषध सुरू करून दिले की पुढच्या महिन्यांच्या गोळ्या उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी देऊ शकतात, आणि भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची ठरावीक औषधांची पद्धत महाराष्ट्रात सुरुवातीपासून आहे. तेव्हा नवीन काही मागू नका. त्या अधिकाऱ्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ उपकेंद्राऐवजी समाजमंदिरात बसावे, एवढेच मागा. छोटी मागणी नाकारायला कारण शोधावे लागते.

दुसरे, नोंदवहीत वस्तीचा रकाना. छापील वहीत तो नसला तर पेन्सिल चालते.

काळी रेघ

मी माझी भीती पूर्ण मागे घेत नाही, परंतु सिस्टरांनी खुलाशात 'शेतीची कामे' लिहिले, या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. खरे कारण लिहिण्याची सोय नसेल तर ते कारण नाही असे माझ्यासारख्याला वाटणारच. रकाना असावा, आणि तो ग्रामसभेत नावांशिवाय, फक्त संख्येत वाचावा. एवढी पुस्ती माझ्याकडून जोडावी.

पंचगंगाकाठ

पुस्ती योग्य आहे. कोणाच्या घरात कोण आजारी आहे हे चव्हाट्यावर यायला नको.

प्रस्तावाबद्दल मी वस्तीतल्या दोन बचत गटांना विचारून आलो आहे. त्यांचे म्हणणे असे की संध्याकाळ म्हणजे सात नंतरची हवी. त्याआधी चूल आणि पाणी असते. रविवार नको, कारण त्या दिवशी पाहुणे येतात. रक्तदाबाबरोबर साखरही तपासावी. पुरुष दारू पिऊन आले तर त्यांना परत पाठवू नये, पण बायांच्या आधी घेऊ नये. आणि सगळ्यात शेवटी एका बाईने जे विचारले ते आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते : समाजमंदिराची किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे असते आणि तो सहाला घरी जातो. तेव्हा ग्रामसभेत पहिला ठराव किल्लीचा घ्यावा, ती गटाच्या अध्यक्षांकडे राहावी, आणि रक्तदाबाचा विषय त्यानंतर यावा, असे त्यांचे म्हणणे आहे. दक्षिणद्वार, आपल्या प्रस्तावात क्रम तेवढा बदलून घ्यावा.